घंटीवाली ट्रॉली

मला चार चाकं आहेत, पण कामाला लागल्यापासून मी एका इमारतीबाहेर गेलेली नाही. वॉर्डापासून ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत एकशे दहा पावलं, आणि परत एकशे दहा. पावलं माझी नव्हेत, मला ढकलणाऱ्या मामांची. तेवढंच माझं जग. मित्रांनो, मी दवाखान्यातली एक जुनी ट्रॉली आहे. ऑपरेशनच्या दिवशी पेशंटला झोपवून नेतात ना, ती. कुणी मला स्ट्रेचर म्हणतं. नाव काहीही घ्या, मला बघितलं की लोक तोंड फिरवतात, आणि लहान मुलांना त्यांच्या आया म्हणतात, "तिकडे बघू नको." पूर्वी मला याचं फार वाईट वाटायचं.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. लोखंडी नळ्या कापायच्या, वाकवायच्या आणि जोडायच्या, एवढंच तिथलं काम. मला जोडणारा कारागीर मोठा गमत्या होता. मी वजन पेलते की नाही हे बघायला तो स्वतःच माझ्यावर आडवा झाला आणि जेवणाची सुट्टी संपेपर्यंत घोरत पडला. माझ्यावर झोपलेला पहिला माणूस असा ठणठणीत होता! पुढे मला पांढरा रंग लागला, वर काळ्या रेक्झिनची गादी आली, आणि एका सकाळी मी दवाखान्याच्या दारात उतरले.

ते दिवस आठवले की अजून बरं वाटतं. मोठ्या सिस्टर, म्हणजे त्या वॉर्डाच्या मुख्य परिचारिका, मला स्वतःच्या हाताने पुसायच्या. मामा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "लोण्यासारखी चालते बघा." मामा हे वॉर्डातले जुने मदतनीस. ते कुणाचे सख्खे मामा होते हे मला शेवटपर्यंत कळलं नाही, पण डॉक्टरांपासून पेशंटच्या पणजीपर्यंत सगळ्यांचे ते मामाच. त्यांची एक पद्धत होती. वॉर्डाची फरशी संपून थिएटरचा बोळ सुरू होतो, तिथे एक उंबरठा आहे. त्याच्या अलीकडे ते थांबायचे आणि पेशंटला सांगायचे, "आता एक धक्का बसेल हं, लहानसा. घाबरायचं नाही." दुसरं कुणी असलं की न सांगता ढकलायचं आणि पेशंट दचकायचा. मामांचा पेशंट कधी दचकला नाही. धक्का तोच असतो मित्रांनो, पण आधी सांगितला की निम्मा होतो.

ऑपरेशनचा दिवस कसा असतो, ते मी हजारदा पाहिलं आहे. आदल्या रात्रीपासून पोट रिकामं ठेवायचं. सकाळी आंघोळ करून पाठीमागे बांधायचा सैल झगा घालायचा, डोक्याला टोपी. अंगठ्या, बांगड्या, चष्मा, कवळी सगळं घरच्यांच्या हवाली. कवळी काढली की मोठमोठे साहेबही एकदम गरीब दिसायला लागतात. मनगटावर नावाची पट्टी, कापायच्या जागी पेनाची खूण. आणि मग प्रश्नांची सरबत्ती. नाव काय? कसलं ऑपरेशन? काही खाल्लंय का, प्यायलंय का? वॉर्डातली सिस्टर विचारते, मामा विचारतात, थिएटरच्या दारात भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई विचारतात. पेशंट वैतागून म्हणतात, "यांना आपापसांत बोलता येत नाही का?" पण ती माणसं विसरली म्हणून विचारत नाहीत. चूक होऊ नये म्हणून विचारतात. हे मलाही उशिराच समजलं.

वर्षं गेली. माझा रंग उडाला, गादीला ठिगळ लागलं आणि पुढचं डावं चाक करकरायला लागलं. आधी कधीमधी, मग सतत. मोठ्या सिस्टर माझ्याकडे बघून नाक मुरडायच्या. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण त्या करकरीचा एक उपयोग होता. थिएटरच्या बोळाला एक वळण आहे आणि वळणापलीकडच्या खोलीत पेशंटच्या घरची माणसं बाकावर बसलेली असतात. मी दिसण्याआधी त्यांना माझं चाक ऐकू यायचं, आणि सगळेच्या सगळे उठून दारात यायचे. आपलं माणूस आलं की काय!

अशात एकदा सायकलकाका भरती झाले. साठीचे, बुटके, सायकलदुरुस्तीचं दुकान असलेले. नखांत काळं तेल कायमचं बसलेलं. त्यांच्या मोठ्या आतड्यात गाठ झाली होती. शेजारच्या पेशंटला ते सांगत होते, "ट्यूब खराब झालीय. तेवढा तुकडा कापायचा आणि दोन टोकं जोडायची. आम्ही ट्यूबला जोड मारतो तसं. फक्त मी गिऱ्हाइकाला झोपवत नाही." सगळा वॉर्ड हसला. पण फार हसवणारा पेशंट आतून घाबरलेला असतो, हे मी ओळखून होते. याआधी दोनदा त्यांना तारीख मिळाली होती आणि दोन्ही वेळा ते आलेच नव्हते. एकदा दुकानात काम निघालं म्हणाले, एकदा पाहुणे आले म्हणाले. "पाहुणे कसले! पलंगाखालून चपला काढायलाच तयार नव्हते," असं काकूंनी मोठ्या सिस्टरना हळूच सांगितलं. गाठ वाढत होती. आता आणखी थांबून चालणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी साडेसहालाच मामांनी मला काकांच्या पलंगाशेजारी आणून उभं केलं. काकू घरून आल्या होत्या आणि त्यांच्या पिशवीत स्वतःसाठी आणलेला चहाचा फ्लास्क होता.

"अगं, घोटभर दे. डोकं भणभणतंय," काका म्हणाले.

"अहो, पोट रिकामं ठेवायला सांगितलंय ना?"

"रिकामं म्हणजे जेवायचं नाही. चहा म्हणजे काय जेवण आहे का? चाळीस वर्षं चहा घेतल्याशिवाय मी पान्याला हात लावलेला नाही."

काकूंचा जीव विरघळला. त्यांनी फ्लास्कच्या झाकणात चहा ओतला. काकांनी दोन घोटांत संपवला. एक थेंब माझ्या कठड्यावर सांडला, तो काकूंनी रुमालाने पुसला. पुढे दहा मिनिटांनी सिस्टर आली. "काका, काही खाल्लं-प्यायलं नाही ना?"

"पाणीसुद्धा नाही," काका म्हणाले.

तिने विचारलं त्या सुरावरूनच दोघांना कळलं की चहाही चालत नसणार. पण आता सांगितलं तर ऑपरेशन रद्द होणार. मामांनी विचारलं तेव्हाही काकांनी तेच उत्तर दिलं आणि काकू तोंडात गुळणी धरल्यासारख्या गप्प राहिल्या. मी सगळं पाहिलं होतं, पण ट्रॉलीला कोण विचारतो?

मामांनी काकांना माझ्यावर घेतलं. काकू कठड्याला धरून शेजारून चालू लागल्या. चार पावलं गेलो नाही तोच काकांनी मान उचलली.

"मामा, हे पुढचं डावं चाक कधीपासून बोलतंय?"

"झालं की वर्ष."

"मग कुणाला सांगितलं नाही?"

"साहेब फेरीला येतात तेव्हा विचारतात, सगळं ठीक? मी म्हणतो, ठीक. चालतंय तोवर चालतंय. दुरुस्तीला गेली तर महिनाभर परत येत नाही."

काका एकदम तापले. "हेच! माझी गिऱ्हाइकं हेच करतात. ब्रेक लागतो का विचारलं की म्हणायचं, लागतो. का, तर सायकल ठेवून जावी लागेल म्हणून. मग उतारावर कळतं. अहो, दुरुस्त करणाऱ्याशीच खोटं बोलून कुणाचं भलं झालंय?"

मामा मला ढकलत राहिले. पण माझ्या कठड्यावरची काकूंची पकड घट्ट झाली.

उंबरठा आला. "आता एक धक्का बसेल हं," मामा म्हणाले. पुढे थिएटरचं दार. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी नाव विचारलं, मनगटावरची पट्टी वाचली आणि तोच प्रश्न विचारला. "सकाळपासून पोटात काही गेलंय?"

"काही नाही."

दार उघडलं. काकूंना इथेच थांबायचं होतं. माझी पुढची चाकं दाराच्या पट्टीला लागली, आणि मागून आवाज आला, "थांबा! मी यांना चहा दिलाय. दुधाचा. साडेसहाला."

काका उठून बसायलाच निघाले. "तुला कुणी विचारलं होतं?"

"तुम्हीच आत्ता म्हणालात ना, दुरुस्त करणाऱ्याशी खोटं बोलू नये म्हणून," काकू म्हणाल्या आणि तिथेच रडायला लागल्या.

डॉक्टरीणबाई चिडल्या नाहीत. काकांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "काका, भूल दिली की तुम्ही झोपता, तशी तुमच्या घशाची राखणही झोपते. पोटातला चहा वर आला तर सरळ फुफ्फुसात जाईल. घोटभर चहानेही जीव जाऊ शकतो. आज नको. उद्या सकाळी पहिला नंबर तुमचा." मग काकूंकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही बोललात, फार बरं केलंत."

आम्ही आल्या पावली परत फिरलो. काका पलंगावर बसले आणि म्हणाले, "माझे कपडे दे. घरी जाऊ. उद्याचं उद्या बघू." काकूंचा चेहरा उतरला. हा माणूस आज घरी गेला तर उद्या येणार नाही, आणि कदाचित कधीच येणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. थिएटरच्या दारातही ठाऊक होतं. तरी त्या बोलल्या होत्या. मला त्या क्षणी त्या फार आवडल्या.

मामा शहाणे. त्यांनी समजूत घातली नाही, उपदेश केला नाही. मला पुढे ढकलून म्हणाले, "काका, जायचं तर जा. पण या चाकाला नक्की काय झालंय तेवढं सांगून जा. वर्षभरात तुमच्यासारखा जाणकार भेटला नाही."

काका फुगून बसले होते. तरी हात गेलाच. त्यांनी माझं चाक उचलून फिरवलं, कान लावला. "आतले छर्रे झिजलेत, बारीक लोखंडी गोळ्या असतात त्या. आणि आसाला केस आणि दोरे गुंडाळलेत, हे बघा. पाना लागेल. मी दुकानातून घेऊन येतो."

"मी आणते," काकू म्हणाल्या. "तुम्ही बसा."

"तुला काय कळणार कुठला पाना?"

"तीस वर्षं दुकानात डबा घेऊन येतेय. तेरा नंबरचा, लाल मुठीचा. आणि छर्रे खिळ्याला टांगलेल्या पिशवीत, पत्र्याच्या डबीत."

काकू गेल्या आणि दुपारी पाना, छर्रे, ग्रीस सगळं घेऊन आल्या. मोठ्या सिस्टरनी आधी कपाळाला हात लावला, मग मागच्या व्हरांड्यात अर्ध्या तासाची परवानगी दिली. "नंतर हात नखांपर्यंत धुवायचे. साबण मी देते."

अशा रीतीने मित्रांनो, काकांच्या आधी माझं ऑपरेशन झालं. मला उलटं केलं. इतकी वर्षं मी माणसांना नेत होते, पण चारी चाकं वर करून पडल्यावर जग कसं दिसतं हे मला माहीत नव्हतं. नुसतं छत! काकांनी चाक काढलं, जुने छर्रे एकेक करून बाहेर काढले, नवे ग्रीसमध्ये बसवले. काम करताना ते हळू आवाजात माझ्याशी बोलत होते. "उघडेपर्यंतच भीती असते बाई. एकदा उघडलं की पुढे नुसतं काम असतं." हे ते मला सांगत होते की स्वतःला, कोण जाणे. शेवटी त्यांनी चाकाला टिचकी मारली आणि ते आवाज न करता फिरत राहिलं. मामांनी टाळी वाजवली.

कपड्यांचा विषय पुन्हा निघाला नाही. संध्याकाळी काका काकूंना एवढंच म्हणाले, "उद्या फ्लास्क आणू नकोस."

दुसऱ्या दिवशी मी त्यांना पुन्हा लोण्यासारखी घेऊन गेले. "नाही काही, थेंबही नाही," काकांनी दारात सांगितलं, आणि या वेळी डॉक्टरीणबाईंनी काकूंकडेही पाहिलं. काकूंनी मान हलवली. आतमध्ये थंडी असते, दिवे मोठे असतात, कुणीतरी अंगावर जाड पांघरूण घालतं आणि आकडे मोजायला सांगतं, असं मी पेशंटच्या तोंडून ऐकलं आहे. मोजता मोजता झोप लागते. मी दाराबाहेरच थांबते.

चार तास गेले. डॉक्टरांनी बाहेर येऊन काकूंना सांगितलं, "नीट पार पडलं. शुद्धीवर आले की थोड्या वेळाने वॉर्डात नेतील." पण दवाखान्यातला थोडा वेळ म्हणजे काय, हे ज्याचं जळतं त्यालाच कळतं. काकू खोलीत बसून माझ्या करकरीची वाट बघत राहिल्या. चाक दुरुस्त झालंय, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. इकडे मी काकांना घेऊन वळणावरून गेले, चिडीचूप. काकांनी अर्धवट डोळे उघडले आणि सुकलेल्या ओठांनी विचारलं, "ही कुठंय?" मामांना मला सोडून जाता येईना. काकूंना निरोप पोचला तेव्हा अर्धा तास उलटून गेला होता. त्या धावत आल्या. "इतका वेळ मी कान लावून बसले होते," त्या म्हणाल्या. "चाक वाजेना. मला वाटलं..." काकांनी सलाइन लावलेला हात तसाच त्यांच्या हातावर ठेवला.

त्या दिवशी मला माझ्या गुळगुळीत चाकाची लाज वाटली.

काका हळूहळू बरे झाले. पहिला दिवस दुखण्याचा आणि तहानेचा होता, ओल्या कापसाने ओठ पुसण्यावर भागवावं लागलं. दुसऱ्या दिवशी मामांनी धरून चालवलं तेव्हा त्यांनी सगळ्यांना शिव्या घातल्या. डॉक्टर रोज येऊन एकच विचारत, "वारा सरला का?" आतडं कामाला लागल्याची ती खूण असते. तिसऱ्या दिवशी सरला, आणि सगळा वॉर्ड खूश झाला. "आमच्याकडे हवा गेली की गिऱ्हाईक रडतं," काका म्हणाले, "इथे डॉक्टर टाळ्या वाजवतात!" जोड मारल्यावर आम्हीही पाण्यात बुडबुडे येतात का ते बघतो, असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा तर काकांची छाती फुगली. जणू ऑपरेशनची रीत डॉक्टर त्यांच्याच दुकानातून शिकून गेले होते.

दीड महिन्याने ते तपासणीला आले, तेव्हा त्यांच्या खिशात सायकलची घंटी होती. पितळी, घासून चकचकीत केलेली. त्यांनी ती माझ्या कठड्याला बसवली. "पेशंट बाहेर आला की एकदा वाजवा. बाहेर बसलेल्यांना कळू दे."

मोठ्या सिस्टर गंभीर झाल्या. "आणि ज्यांच्यासाठी वाजणार नाही, त्यांनी काय करायचं?"

काका घंटीचा स्क्रू उगाच पिळत राहिले. याचं उत्तर कुणाकडेच नसतं. काही दिवस असे येतात की डॉक्टर स्वतः त्या खोलीत जातात आणि बाकावर घरच्यांच्या शेजारी बसतात. मोठ्या सिस्टरनी घंटी बोटाने एकदा हळूच वाजवून पाहिली. मग म्हणाल्या, "वळणावर समोरून येणारं माणूस दिसत नाही. कुणी आपटायला नको. वळणावर घंटी वाजवत जा, मामा. हळू." एवढं बोलून त्या पाठ फिरवून गेल्या. मामा हसले नाहीत, पण त्यांचे कान हसत होते.

मग पुढची कित्येक वर्षं ती घंटी वाजली. ट्रिंग. आणि खोलीतली माणसं उठायची. पोरं तर मुद्दाम माझ्याजवळ यायची, घंटी बघायला! ज्या ट्रॉलीकडे बघू नको म्हणून सांगायचे, तिच्याभोवती पोरांची गर्दी. माझ्या आयुष्यातले सगळ्यांत सुखाचे दिवस ते.

आता मी निवृत्त आहे. उंबरठ्याशेजारच्या चादरींच्या खोलीत उभी असते. माझ्यावर गाठोडी ठेवतात. नवी ट्रॉली आली आहे, कळ दाबली की वर-खाली होणारी. मामाही निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी त्यांनी माझी घंटी काढली, नव्या ट्रॉलीला लावली आणि माझ्या कठड्यावरून एकदा हात फिरवून गेले. कठड्यावर दोन स्क्रूंची भोकं राहिली आहेत. त्यात हल्ली गंज धरतो.

मागच्या महिन्यात एका सकाळी नवी ट्रॉली बोळाशी येऊन थांबली. मामांच्या जागी आलेल्या मावशींचा आवाज आला, "आता एक धक्का बसेल हं, लहानसा. घाबरायचं नाही."

"मला सांगतेस होय?" पेशंट म्हणाला. "मीच शिकवलंय तुला." आणि मग जरा थांबून हलक्या आवाजात, "पण सांगितलंस ते बरं केलंस गं."

ते मामा होते.

मित्रांनो, इतकी वर्षं मी दारापर्यंत जात होते. बाकावर बसून वाट बघणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. मला हात नाहीत, पाय नाहीत, नखं खाता येत नाहीत. नुसता कान. चादरी आल्या, चादरी गेल्या. ऊन खिडकीतून आत आलं आणि भिंतीवर चढलं. मामांनी सगळं खरं सांगितलं असेल ना, चहा घेतला नसेल ना, असले वेडे विचार मनात येत होते. त्या दिवशी मी स्वतःशी ठरवलं की कधी बोलता आलं तर मुलांना एवढं तरी सांगायचं. तुमच्या घरातलं कुणी ऑपरेशनला निघालं आणि तुम्हाला काही माहीत असलं, तर गप्प बसू नका. ओरडा बसेल, तारीख पुढे जाईल, माणूस रुसेल. रुसलेलं माणूस परत बोलतं. आणि कुठलं चाक करकरलं तर "चालतंय" म्हणून सोडून देऊ नका. ते काहीतरी सांगत असतं.

दुपार कलली. मावशी चादरी न्यायला आल्या नाहीत, म्हणजे त्या थिएटरकडे असणार. मी वाट बघत राहिले.

मग वळणावर घंटी वाजली. एकदाच. हळू.